बेचाळीस खिळे

अकरा संघ झाले की अडचण सुरू होते.
दर रविवारी एकजण रिकामा.
त्याला आम्ही बाय म्हणतो,
आणि बाय मिळालेला कॅप्टन शनिवारी रात्री फोन करून विचारतो,
"आमीच का ओ?"
वेळापत्रक मी पतसंस्थेच्या जुन्या डायरीत करतो,
पेन्सिलीनं.
पेनानं लिहायचं धाडस तीन वर्षांपूर्वी सोडलं.

शिरोलीत फौंड्रीची पाळी बदलली की बॉलर बदलतो.
हुपरीचा कीपर आठवडाभर चांदी आटवून येतो,
बोटाला चेंडू लागला तरी सांगत नाही,
बोटं आधीच भाजलेली.
कारखान्याची चिमणी पेटली
की शिरोळच्या संघात सातच जण उरतात.
सातांनी खेळायचं का? नियम क्रमांक चौदा.
नियम मीच लिहिलाय. मलाच आठवत नाही.

या गावात फुटबॉलला पेठच्या पेठ उठते.
आमच्याकडं येतात म्हशी फिरवणारे दोघं
आणि एक रिटायर कंडक्टर,
चौकार गेला की जिभेनं डबल बेल देणारा.

पण खरं काम मॅटचं.
काथ्याची मॅट. उचलायला सहा जण, दव पडलं असलं तर नऊ.
तिचे बेचाळीस खिळे, वॉशरसकट, डालड्याच्या डब्यात.
सकाळी सातला ठोकायचे,
संध्याकाळी उपसायचे,
मोजायचे.

परवा कागल आणि वडणगे.
शेवटच्या ओव्हरात एलबी.
नेजकर मास्तरांनी बोट वर केलं
आणि धैर्यशील चौगुले क्रीजवरून हललाच नाही.
चौदा मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलं.
स्कोअरर शमशू बागवाननं वही मिटली,
खिशातला पेरू काढला, चाकूनं चार फोडी केल्या,
चारी स्वतःच खाल्ल्या.
मैदानात आया-बहिणी निघाल्या, स्टंप निघाले,
"पुढच्या वर्षी येतोय का बघा आमी" हेही निघालं.
कागल तीन रनांनी जिंकलं.
हात कुणी मिळवले नाहीत.

मग मी खिळे मोजले.
एक्केचाळीस.
डबा उपडा करून परत मोजले.

पहाटे साडेपाचला त्या मैदानावर
पोलीस भरतीच्या पोरी पळतात,
निम्म्या अनवाणी.
हे मी बोललो नाही. बोलायला लागलं नाही.
मास्तर गुडघ्यावर बसले, सत्तरीचा माणूस,
पांढऱ्या पँटीत,
आणि गवत चाचपायला लागले
जसं कुणी उशाखाली चष्मा चाचपतं.
शमशूनं मोबाईलची बॅटरी लावली.
कागलच्या टेम्पोतून चौघं खाली उतरले,
ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला.

धैर्यशील गेला असंच मला वाटलं होतं.
तो होता. पॅड बांधलेलेच.
उघड्या मातीवरून बूट घासत, इंच इंच.
"मास्तर, लेग स्टंपाच्या बाहेर बघितलं काय?
का तुम्हाला ते दिसतच न्हाई?"
मास्तर मान वर न करता म्हणाले,
"तू पाय हलव आधी.
दुपारधरनं तेवढंच सांगालोय."
कोण तरी हसलं.
अंधारात कळलं नाही कुठल्या संघाचं.

खिळा साडेआठला मिळाला,
मिड-ऑनला. तिथं कसा गेला, देव जाणे.
कुणाला मिळाला हे शमशूनं लिहिलं नाही,
वहीत तसा रकाना नाही.

घरी आलो तर बायको म्हणाली,
"मी जेवलो. तुम्ही बसा आता मोजत."
ताट झाकलेलं होतं. डबा पायरीवर ठेवला,
डायरी उघडली.
दंडाच्या पानावर लिहायचं होतं:
वडणगे, पाचशे.
पेन्सिलीचं टोक मोडलेलं.
शार्पनर समोरच होता.